पन्नासाचे अडीचशे

मार्च २०२३च्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईतल्या शामराव विठ्ठल सहकारी बँकेवर, म्हणजे आपल्या एसव्हीसी बँकेवर, एक विचित्र खुलासा करण्याची वेळ आली. कॅलिफोर्नियात नुकत्याच बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेशी आपला काडीचाही संबंध नाही, हे तिला जाहीरपणे सांगावे लागले. ती एसव्हीबी आणि ही एसव्हीसी. एका अक्षराचा फरक, पण १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेच्या ठेवीदारांच्या मनात पाल चुकचुकायला तेवढा पुरला.

तिकडे अमेरिकेत त्याच दिवसांत वेगळा प्रश्न विचारला जात होता. २०९ अब्ज डॉलरची मालमत्ता असलेली, देशातल्या पहिल्या वीसांत मोडणारी बँक दोन दिवसांत झोपते आणि फेडरल रिझर्व्ह (फेड) ही तिथली मध्यवर्ती बँक मोठ्या बँकांची जी ‘स्ट्रेस टेस्ट’ घेते, ती या बँकेला एकदाही द्यावी लागलेली नसते, हे कसे? त्याचे उत्तर शोधत गेले की आपण मे २०१८मध्ये मंजूर झालेल्या एका कायद्यापाशी पोहोचतो. त्या कायद्याने एक आकडा बदलला होता. पन्नासाचे अडीचशे केले होते.

पट्ट्यावरची बँक

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर ‘एकदा स्ट्रेस टेस्ट करून घ्या’ म्हणतात. मग छातीला वायरी चिकटवून त्याला पट्ट्यावर चालवतात, वेग आणि चढ वाढवत नेतात आणि हृदय कुठे कुरकुरते ते पाहतात. पडल्या पडल्या काढलेला ईसीजी चांगला असला, तरी चार जिने चढल्यावर काय होईल ते त्यात दिसत नाही. बँकेचा वार्षिक ताळेबंद म्हणजे पडल्या पडल्या काढलेला ईसीजी. आज सगळे हप्ते वेळेवर येत आहेत, एवढेच तो सांगतो. उद्या मंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, घरांचे भाव कोसळले, तर काय होईल?

बँकेला खरोखर मंदीत लोटून पाहता येत नाही, म्हणून मंदी कागदावर उभी करतात. उदाहरणार्थ, २०२४च्या चाचणीत फेडने अशी कल्पना केली होती की बेकारी १० टक्क्यांवर जाईल, घरांच्या किमती ३६ टक्क्यांनी आणि ऑफिसे-दुकाने यांसारख्या व्यापारी मालमत्तेच्या किमती ४० टक्क्यांनी पडतील. मग प्रत्येक बँकेची गृहकर्जे, क्रेडिट कार्डांची येणी, उद्योगांना दिलेली कर्जे आणि रोखे यांचा तपशील घेऊन पुढच्या नऊ तिमाह्यांत किती पैसा बुडेल याचे गणित मांडले गेले. त्या वर्षी ३१ बँकांचा मिळून काल्पनिक तोटा सुमारे ६८५ अब्ज डॉलर निघाला. एवढे होऊनही त्यांचे एकत्रित भांडवली गुणोत्तर १२.७ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांपर्यंतच उतरले. किमान मर्यादा ४.५ टक्क्यांची असल्याने सगळ्या उत्तीर्ण झाल्या.

इथे ‘भांडवल’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळी भांडणे त्याच्यावरून आहेत. भांडवल म्हणजे तिजोरीत अडीनडीला ठेवलेली रोकड, असा समज सर्रास असतो. तसे नाही. समजा एका बँकेने १०० कोटींची कर्जे दिली आहेत. त्यांपैकी ९० कोटी ठेवीदारांचे आहेत आणि १० कोटी भागधारकांचे, म्हणजे मालकांचे. हे १० कोटी भांडवल, आणि १०० कोटींशी त्याचे प्रमाण, १० टक्के, म्हणजे ढोबळमानाने भांडवली गुणोत्तर. तेही कर्जातच गुंतलेले असते. फरक एवढाच की कर्ज बुडाले तर आधी ते जाते. ६ कोटी बुडाले तर मालकांचे ६ गेले, ४ उरले, ठेवीदाराला झळ नाही. १२ कोटी बुडाले तर मालक साफ आणि ठेवीदाराच्या पैशाला २ कोटींचे भोक.

आता हेच मालकाच्या बाजूने पाहा. वर्षाला १ कोटी नफा झाला तर १० कोटींच्या भांडवलावर त्याला १० टक्के परतावा मिळाला. तोच धंदा ५ कोटींच्या भांडवलावर करता आला असता तर परतावा २० टक्के झाला असता. भांडवल कमी असले की चांगल्या वर्षांत मालकाची चैन होते आणि वाईट वर्षी ठेवीदार, नाहीतर सरकार, भरडले जाते. स्ट्रेस टेस्टचा निकाल कडक लागला की बँकेला भांडवल जास्त बाळगावे लागते, लाभांश आणि शेअरची फेरखरेदी आवरती घ्यावी लागते. २०२०पासून तर हा निकाल थेट भांडवलाच्या अटीत मिळवला जातो. चाचणीत गुणोत्तर जितके घसरेल तितके जादा भांडवल, आणि ते किमान अडीच टक्के. म्हणून या रुक्ष चाचणीच्या एकेका कलमावर वकिलांच्या फौजा लढतात.

जन्म संकटातला

सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली. त्यानंतर कोणत्या बँकेच्या पोटात किती सडकी कर्जे आहेत हे कुणालाच सांगता येईना. चांगल्या बँकाही एकमेकींना पैसे द्यायला कचरू लागल्या. फेब्रुवारी २००९मध्ये अर्थमंत्री टिमोथी गाइटनर आणि फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी १०० अब्ज डॉलरपेक्षा मोठ्या १९ बँकांची एकाच मापाने तपासणी करायचे ठरवले. ७ मे २००९ रोजी प्रत्येक बँकेचा निकाल नावानिशी जाहीर झाला. १९पैकी १० बँकांना मिळून सुमारे ७५ अब्ज डॉलर भांडवल कमी पडत होते. त्यांतले जवळपास ३४ अब्ज एकट्या बँक ऑफ अमेरिकाला हवे होते.

एवढी वाईट बातमी ऐकून बाजार आणखी घाबरायला हवा होता. झाले उलटेच. खड्डा किती खोल आहे हे कळल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडला आणि बँकांना बहुतेक पैसा बाजारातूनच मिळाला. बाजारातून नाही मिळाला तर सरकार देईल, ही हमी पाठीशी होती. त्यामुळे तपासणाऱ्यांनाही खरे सांगायला भीती वाटली नाही.

युरोपने नेमके हेच केले नाही. जुलै २०१०मध्ये तिथे ९१ बँकांची चाचणी झाली, सातच नापास झाल्या आणि एकूण तूट निघाली अवघी साडेतीन अब्ज युरो. आयर्लंडच्या दोन्ही मोठ्या बँका उत्तीर्ण होत्या. चारच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, बँकांच्या ओझ्याखाली आयर्लंड सरकारला बाहेरच्या मदतीसाठी हात पसरावे लागले. पुढच्या वर्षी जुलैत बेल्जियम-फ्रान्समधली डेक्सिया बँक चांगल्या गुणांनी पास झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारांना तिचे तुकडे करून ती सावरावी लागली. सोप्या परीक्षेचा निकाल कुणाला दिलासा देत नाही. वर परीक्षकाचीच पत जाते.

अमेरिकेत २१ जुलै २०१० रोजी अध्यक्ष ओबामांनी डॉड-फ्रँक कायद्यावर सही केली आणि संकटकाळात सुचलेला हा उपाय दरवर्षीचा रिवाज झाला. ५० अब्ज डॉलरवरच्या बँक-समूहांची चाचणी फेडने दरवर्षी घ्यायची, तीही तीन कल्पित परिस्थितींत: साधारण, वाईट आणि अतिवाईट. शिवाय १० अब्जांवरच्या बँकांनी आपली चाचणी आपणही करायची. निकाल नावापुरता नव्हता. २०१४मध्ये सिटीग्रुपचे आकडे ठीक असूनही तिची जोखीम मोजण्याची पद्धत कच्ची आहे, असे म्हणून फेडने तिची लाभांशवाढ रोखून धरली होती.

सैल करायचे ते कशासाठी?

हळूहळू तक्रारी सुरू झाल्या आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. ५० अब्जांची बँक म्हणजे ओहायो किंवा अलाबामासारख्या राज्यात घरकर्जे आणि छोट्या उद्योगांना कर्जे देणारी प्रादेशिक बँक. न्यूयॉर्कच्या दोन हजार अब्जांच्या बँकेला आणि तिला एकाच मांडवाखाली बसवायचे कशाला? चाचणीसाठी लागणारी आकडेवारी, सल्लागार आणि संगणकप्रणाली यांचा खर्च मोठ्या बँकेला जाणवतही नाही. मध्यम बँकेचा मात्र घामटा निघतो. पन्नासाच्या उंबरठ्याजवळ आलेल्या बँका तो ओलांडायला बिचकत. कायद्याला ज्यांचे नाव आहे ते बार्नी फ्रँक हेच पुढे म्हणू लागले की ५०चा आकडा फार खाली ठेवला गेला. (ते नंतर न्यूयॉर्कच्या सिग्नेचर बँकेच्या संचालक मंडळावर होते, हेही लक्षात ठेवावे.)

२०१५मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेचे प्रमुख ग्रेग बेकर यांनीही सिनेटच्या समितीला लेखी निवेदन दिले होते. आमच्यासारख्या बँकेचा धंदा साधा आहे, आमच्यामुळे देशाच्या वित्तव्यवस्थेला धोका नाही, तेव्हा हा उंबरठा वाढवा, असा त्याचा आशय होता. त्या वेळी त्यांची बँक ४० अब्जांच्या आसपास होती.

आयडाहोचे सिनेटर माइक क्रेपो यांनी नोव्हेंबर २०१७मध्ये आणलेले विधेयक १४ मार्च २०१८ रोजी सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३१ मतांनी आणि २२ मे रोजी प्रतिनिधिगृहात २५८ विरुद्ध १५९ मतांनी संमत झाले. रिपब्लिकनांच्या जोडीला काही डेमोक्रॅटही होते. डेमोक्रॅट सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांचा विरोध मात्र कडवा होता. २४ मे रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली.

कायद्याने काय केले ते थोडक्यात असे. कडक देखरेखीचा उंबरठा ५० अब्जांवरून २५० अब्जांवर गेला. १०० अब्जांखालच्या बँका लगेच सुटल्या. १०० ते २५० अब्जांमधल्या बँकांसाठी ‘दरवर्षी’ हा शब्द जाऊन ‘वेळोवेळी’ हा शब्द आला. २५० अब्जांखालच्या बँकांनी स्वतःची चाचणी करण्याचे कायदेशीर बंधन गेले. तीन परिस्थितींतली मधली, ‘वाईट’, वगळली गेली.

सगळ्यांत मोठे काम केले ते ‘वेळोवेळी’ या निरुपद्रवी शब्दाने. कायदा असा मोकळा शब्द ठेवतो तेव्हा त्याचा अर्थ लावणाऱ्याच्या हाती सूत्रे जातात. फेडला हवे असते तर १०० अब्जांवरच्या बँकांना जुन्या शिस्तीत ठेवण्याची मुभा कायद्याने तिला दिली होती. पण त्या वेळचे देखरेखप्रमुख रँडल क्वार्ल्स यांचा कल सैल करण्याकडे होता. ऑक्टोबर २०१९च्या नियमांनी बँकांचे चार वर्ग पाडले आणि १०० ते २५० अब्जांच्या चौथ्या वर्गाला दोन वर्षांतून एकदा चाचणी ठरवली. याच वर्गातल्या बहुतेक बँकांना तातडीची रोकड पुरेशी आहे का, हे मोजणाऱ्या नियमातूनही सूट मिळाली. फेडच्याच मंडळावरच्या लेल ब्रेनार्ड यांनी या नियमांच्या विरोधात मत दिले.

साध्या धंद्याची बँक

२०१९च्या अखेरीस सिलिकॉन व्हॅली बँक सुमारे ७१ अब्जांची होती. जुना उंबरठा असता तर ती केव्हाच परीक्षेच्या मांडवात आली असती. मग करोनाकाळात स्टार्टअप कंपन्यांकडे पैशाचा पूर आला आणि तो या बँकेत साठू लागला. दोन वर्षांत ती तिप्पट झाली. २०२१मध्ये तिने १०० अब्जांचा उंबरठा ओलांडला, पण नव्या नियमांतल्या सवलतीच्या मुदती आणि दोन वर्षांचे चक्र यांच्या हिशेबाने तिची पहिली चाचणी २०२४मध्ये यायची होती. त्यासाठी बँकच उरली नाही.

आलेला पैसा तिने सरकारी हमीच्या लांब मुदतीच्या रोख्यांत गुंतवला होता. त्यात बुडीत कर्ज एकही नव्हते. पण मार्च २०२२पासून महागाई आवरण्यासाठी फेडने व्याजदर शून्याजवळून वर्षभरात साडेचार टक्क्यांच्या वर नेले. बाजारात नवे रोखे साडेचार टक्के देत असताना दीड टक्केवाला जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? २०२२च्या अखेरीस मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून बाजूला काढलेल्या रोख्यांवरचा कागदी तोटा १५ अब्जांच्या घरात होता आणि बँकेचे सगळे भागभांडवल मिळून १६ अब्जांच्या आसपास. म्हणजे कागदावर बँक जवळजवळ पोकळ झाली होती. ८ मार्च २०२३ रोजी तिने २१ अब्जांचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा जाहीर केला. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. सुमारे ९४ टक्के ठेवी अडीच लाख डॉलरच्या विमा-मर्यादेबाहेरच्या होत्या. त्यामुळे आधी पळेल त्याचे पैसे वाचतील, हे प्रत्येक ठेवीदाराला दिसत होते. १० मार्चला बँकेला टाळे लागले.

म्हणजे चाचणी सैल केली म्हणून बँक बुडाली? एवढे सरळ उत्तर हाती लागत नाही. फेडच्या २०२२ आणि २०२३च्या अतिवाईट कथा पाहा. दोन्हींत मंदी आहे, बेकारी आहे आणि व्याजदर तळाशी आहेत. २००८ची लढाई डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला तो प्रश्न होता. व्याजदर पडले की जुन्या रोख्यांची किंमत वाढते. त्या परीक्षेला सिलिकॉन व्हॅली बँक बसली असती तर कदाचित उत्तम गुणांनी पास झाली असती. तिला लागलेला रोग त्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकेत नव्हताच.

फेडचे नंतरचे देखरेखप्रमुख मायकेल बार यांच्या २८ एप्रिल २०२३च्या अहवालाने पहिला दोष बँकेच्या व्यवस्थापनाला दिला आणि दुसरा आपल्याच तपासनिसांना. त्यांना दोष दिसले ते उशिरा, आणि दिसल्यावरही त्यांनी बँकेला वेळेत वळणावर आणले नाही. त्या ढिलाईमागे २०१८च्या कायद्यानंतर आलेले सैल नियम आणि बदललेले वातावरण आहे, असेही अहवालाने नोंदवले. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘ओझे कमी करा’ असा संदेश वरून आला की खालच्या तपासनिसाची पेन्सिल आपोआप हलकी चालते. दरवर्षी परीक्षा आहे म्हटल्यावर बँकेलाही आपल्या आकड्यांची जुळवाजुळव करावी लागते, मुलगा नापास होणार नसला तरी परीक्षेमुळे अभ्यास करतो तशी. ती सवय लागण्याआधीच ही बँक तिप्पट झाली होती.

अपेक्षित प्रश्नसंच

यानंतर नियम कडक होतील असे वाटले होते. वॉरन यांनी २०१८च्या सवलती मागे घेणारे विधेयक मांडले. ते पुढे सरकले नाही. उलट डिसेंबर २०२४मध्ये बँकांच्या संघटनांनी ओहायोतल्या फेडरल न्यायालयात फेडवरच दावा लावला. बँकांचे म्हणणे असे की चाचणीची गणिती प्रारूपे गुप्त असतात, निकाल दरवर्षी वरखाली होतात आणि त्या गुप्त गणितावर आमच्या भांडवलाची अट ठरते. हे कायद्याला धरून नाही. दाव्याच्या आदल्याच दिवशी फेडने बदलाची तयारी जाहीर केली होती. एप्रिल २०२५मध्ये दोन वर्षांच्या निकालांची सरासरी धरण्याचा प्रस्ताव आला आणि ऑक्टोबरमध्ये प्रारूपे व कल्पित परिस्थिती आधी लोकांपुढे ठेवून हरकती मागवण्याचा.

यातली तक्रार समजण्यासारखी आहे. ज्या मोजपट्टीने मोजणार ती दाखवा, हे म्हणणे न्यायाचेच. पण आपल्याकडे दहावी-बारावी केलेल्या प्रत्येकाला ‘अपेक्षित प्रश्नसंच’ काय करतो हेही माहीत आहे. प्रारूप हाती आले की त्याला जे दिसत नाही, नेमकी तीच जोखीम पत्करायचा मोह होतो. सगळ्या बँकांनी एकच गाईड वाचले तर सगळ्यांची चूकही एकच होईल आणि एकाच दिवशी होईल. ऑक्टोबरच्या प्रस्तावांना विरोध करताना बार यांची भीती याच जातीची होती. सरासरीचेही तसेच. तिने धक्के बोथट होतात हे खरे, पण जोखीम यंदा वाढली असेल तर अर्धे वजन गेल्या वर्षीच्या चांगल्या निकालाला मिळते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा निघणाऱ्या वित्तीय स्थैर्य अहवालात अशा चाचण्यांचे निष्कर्ष देते, पण एकंदर व्यवस्थेचे. कोणती बँक किती पाण्यात आहे, हे नावानिशी छापत नाही. नावे छापली तर अफवांना पाय फुटतील आणि न छापली तर ठेवीदार अंधारात, असा हा पेच आहे. एका अक्षराच्या साम्यावरून जिथे खुलासे करावे लागतात, तिथे तो पेच खोटा म्हणता येत नाही.

जाता जाता पुन्हा २०१८कडे. विधेयक सिनेटपुढे असताना अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने, पक्षीय बाजू न घेता खर्चाचे अंदाज बांधणाऱ्या त्या संस्थेने, एक नोंद केली होती. १०० ते २५० अब्जांच्या मोठ्या संस्था बुडण्याची शक्यता मुळात कमी आहे. या कायद्याने ती किंचित वाढेल. त्यावर कुणाचे फारसे अडले नाही. २०२३च्या मार्च ते मे या काळात तीन मोठ्या बँका बुडाल्या: सिलिकॉन व्हॅली २०९ अब्जांची, सिग्नेचर ११० अब्जांची आणि फर्स्ट रिपब्लिक २०० अब्जांच्या वरची. शेवटच्या दोघींवर मालकी असणारी होल्डिंग कंपनी नव्हती आणि फेडची चाचणी अशा कंपन्यांनाच असते, त्यामुळे ती त्यांना आधीही लागू नव्हती. स्वतःची चाचणी करण्याचे बंधन मात्र याच कायद्याने गेले होते. एकट्या सिलिकॉन व्हॅली बँकेपायी ठेव-विमा निधीला सुमारे २० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा पहिला अंदाज होता आणि तो भरून काढायला दुसऱ्या मोठ्या बँकांवर जादा वर्गणी लावावी लागली.

तिन्ही बँका नेमक्या त्या नोंदीतल्या पट्ट्यातल्या होत्या. अडीचशेचा आकडा आजही कायद्यात तसाच आहे, आणि त्याच्याबरोबर ते ‘किंचित’ही.